वाचकांचे प्रश्न : वाळवंटात सोने कसे शोधतात?

मागील अंकात याच सदरात पश्चिम ऑस्ट्रेलियातील ट्रॉपिकाना या सोन्याच्या खाणीचा उल्लेख आला होता. ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटातील मातीच्या एका नमुन्यात आलेल्या किरकोळ आकड्यावरून त्या जागेकडे लक्ष गेले आणि पुढे तेथे मोठा साठा मिळाला, एवढीच ती टीप होती. तिच्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी काही निवडून उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या जळगावच्या सराफ बाजारात गेल्या. आमच्याकडे दागिना कसोटीवर घासला की कस कळतो. वाळवंटातल्या मातीत सोने आहे हे कशावरून कळते? तिच्यात कण दिसतात का? आणि तो आकडा ‘किरकोळ’ होता म्हणजे नेमका किती होता?
— एक सुवर्णकार, जळगाव

उत्तर : कण दिसत नाहीत. डोळ्यांना दिसणारे सोने त्या भागातून केव्हाच वेचले गेले. कालगुर्ली येथे १८९३ मध्ये सोने सापडल्यावर हजारो माणसे त्या कोरड्या प्रदेशात उतरली आणि उघड्यावर होते ते घेऊन गेली. आज शोध चालतो तो वाळूखाली आणि मातीखाली झाकलेल्या सोन्याचा, आणि तेथे डोळ्यांऐवजी रसायनशास्त्रावर अवलंबून राहावे लागते.

तो आकडा ३१ पीपीबी होता. एक पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग, म्हणजेच एक टन मातीत एक मिलिग्रॅम. आपल्या बाजारातील १० ग्रॅमचा एक तोळा त्या मातीतून काढायचा झाला तर ३२० टनांहून अधिक माती गाळावी लागेल. म्हणून तिला ‘सोन्याची माती’ म्हणणे योग्य नाही. तरीही भूवैज्ञानिक त्या आकड्यापाशी थांबला, कारण पृथ्वीच्या कवचात सोन्याचे सरासरी प्रमाण टनामागे सुमारे ४ मिलिग्रॅम इतकेच आहे आणि अशा वाळवंटी मातीत बहुधा त्याहूनही कमी अपेक्षित असते. तो नमुना पूर्वी दुसऱ्याच एका कंपनीने घेतलेला होता. नंतर आलेल्यांनी जुन्या नोंदी चाळताना तो आकडा पाहिला, २००१ च्या सुमारास त्या जागेसाठी अर्ज केला, २००५ मध्ये ड्रिलिंगमधून साठा हाती लागला आणि २०१३ मध्ये पहिले सोने ओतले गेले. मातीतल्या आकड्याचे काम ‘येथे खोदून पाहावे काय’ हा प्रश्न उभा करण्याचे असते. उत्तर मातीत नसते, ते खाली असते. या साऱ्या विषयात हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पुढच्या उत्तरांतही तो पुन्हा येईल.

खालच्या खडकातील सोने वरच्या मातीत येते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. खडक लाखो वर्षे कुजत राहतो, त्याचे अवशेष वर पसरतात. खारट भूजलात सोन्याचा अत्यल्प अंश विरघळतो आणि जरा वर किंवा बाजूला जाऊन पुन्हा साचतो. निमवाळवंटी भागात मातीतील चुनखडीच्या थरात सोने गोळा झालेले आढळते. आपल्या काळ्या जमिनीत नांगराला लागणारे चुनखडीचे खडे खानदेशातील शेतकऱ्याला पिकाच्या दृष्टीने नकोसे असतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र तशाच चुनखडीचे नमुने तपासून १९९५ मध्ये चॅलेंजर हा साठा शोधला गेला. झाडेही या कामात सहभागी असतात. कालगुर्ली भागातील निलगिरीच्या मुळांनी सुमारे ३५ मीटर खोलीवरून शोषलेल्या सोन्याचे सूक्ष्म कण पानांत सापडल्याचे तेथील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सिद्ध केले.

याउलट, वाऱ्याने वाहून आणलेली वाळू खालच्या खडकाविषयी काहीच सांगत नाही, कारण ती दुसरीकडची असते. म्हणून नमुना घेणारा माणूस वरची सुटी वाळू आधी बाजूला करतो, साधारण वीतभर किंवा त्याहून थोडे खाली जातो, तेथील माती चाळणीतून चाळतो आणि बारीक भाग क्रमांक घातलेल्या पाकिटात भरतो. जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा रंग, उताराची दिशा, जवळपास ओढ्याची खूण आहे काय, हे सारे तेथेच उभ्याने लिहायचे असते. ठरावीक अंतराच्या रेषांवर, उदाहरणार्थ दोन रेषांत २०० मीटर आणि एका रेषेवर दर ५० मीटरला एक, असे शेकडो नमुने घेतले जातात.

आपण सुवर्णकार आहात म्हणून एक तपशील मुद्दाम सांगतो. या कामावर जाणाऱ्याने बोटातली अंगठी, गळ्यातली साखळी घरी ठेवून जायचे असते. प्रयोगशाळेत साधारण ३० ग्रॅम माती तपासतात, असे धरले तर ३१ पीपीबीच्या नमुन्यात जेमतेम एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग सोने असते. अंगठी चाळणीच्या कडेला घासली गेली तरी त्याहून जास्त सोने मातीत जाऊ शकते आणि मग पुढचे सगळे श्रम व्यर्थ जातात.

राहिला कसाचा प्रश्न. मातीचे नमुने बहुधा अम्लराजात, म्हणजे सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून अतिसंवेदनशील यंत्रावर मोजतात. खडकाच्या नमुन्यांसाठी मात्र आपल्या परिचयाची अग्निपरीक्षाच वापरतात : दळलेला खडक शिशाच्या ऑक्साइडसह मुशीत सुमारे हजार अंशांवर वितळवायचा, वितळलेले शिसे सोने-चांदी गोळा करून तळाशी बसते, मग तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या सच्छिद्र वाटीत तापवायचा, शिसे वाटीत मुरते आणि वर इवलासा मणी उरतो. हॉलमार्क केंद्रात आपल्या दागिन्यांचा अंश याच तत्त्वावर ठरवला जातो. तेथे १००० भागांत ९१६ भाग मोजायचे असतात आणि येथे अब्जात काही भाग, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा आहे आणि म्हणूनच नमुन्याची शुचिता सांभाळण्यावर इतका भर असतो.

प्रश्न : आमच्या भागात केळीसाठी दरवर्षी बोअर होतात आणि पाणी खाली खाली जात असल्याने खोलीही वाढते आहे. सोन्यासाठी करतात ते ड्रिलिंग यापेक्षा वेगळे असते का? वाळवंटात त्यासाठी पाणी कोठून आणतात?
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : यंत्र पाहिले तर आपल्याला ते ओळखीचे वाटेल. तोच कॉम्प्रेसर, तोच हॅमर, तसाच धुरळा. फरक आहे तो उद्देशात. बोअरवाल्याला पाणी लागेपर्यंत खाली जायचे असते, भूवैज्ञानिकाला प्रत्येक मीटरला खाली काय होते ते वेगवेगळे हातात हवे असते.

आपल्या बोअरमध्ये हवा पाइपातून खाली जाते आणि चुरा पाइप व छिद्राची भिंत यांच्यामधून वर येतो. वर येताना तो भिंतीला घासत येतो, त्यामुळे २०० फुटांवरचा चुरा ५० फुटांवरच्या मातीत मिसळतो. मुरूम संपून काळा पाषाण लागला किंवा लाल मातीचा थर आला, एवढे सांगायला ते पुरेसे असते. सोन्याच्या बाबतीत असा मिसळलेला नमुना निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरतो, कारण वरच्या एका मीटरमधले सोने खालच्या दहा मीटरना लागू शकते. म्हणून येथे दुहेरी भिंतीचे पाइप वापरतात. हवा दोन भिंतींच्या मधून खाली जाते, चुरा आतल्या नळीतून थेट वर येतो आणि दर मीटरला वेगळ्या पिशवीत पडतो. या पद्धतीला रिव्हर्स सर्क्युलेशन म्हणतात. प्रत्येक मीटरचा मूठभर चुरा चाळणीत धुऊन, भिंगाखाली पाहून, खणांच्या प्लास्टिक पेटीत क्रमाने ठेवला जातो : या खणात गारगोटीचे तुकडे वाढले, येथे पिवळसर गंधकी खनिज दिसू लागले, येथे खडकाचा रंग फिकट झाला. अशी पेटी समोर ठेवली की जमिनीचा उभा छेद डोळ्यांपुढे येतो.

हे काम टप्प्याटप्प्याने होते. आधी हलक्या यंत्राने, पात्याच्या बिटाने, मऊ व कुजलेल्या थरातून कठीण खडकापर्यंत पुष्कळ उथळ छिद्रे घेतात. मातीतील खूण खाली टिकते की विरते ते तेथेच समजते, आणि बहुतेक वेळा ती विरते. टिकली तर वर सांगितलेले खोल ड्रिलिंग करतात आणि त्यातूनही आशा वाढली तर हिऱ्याच्या बिटाने अखंड दगडी कांडी बाहेर काढतात. तिला कोअर म्हणतात. तिचा नेहमीचा एक व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. ही कांडी करवतीने उभी चिरून अर्धी तपासणीला पाठवतात आणि अर्धी पेटीत जपून ठेवतात, म्हणजे दहा वर्षांनी कोणी शंका घेतली तरी पुन्हा तपासता येते.

छिद्र सरळ उभे क्वचितच असते, ते बहुधा जमिनीच्या पातळीशी ६० अंशांच्या आसपास तिरपे घेतात. सोन्याच्या शिरा पुष्कळदा उभ्यासारख्या असतात. उभे छिद्र शिरेच्या शेजारून तिला न शिवताच खाली निघून जाऊ शकते.

पाण्याविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे. दुहेरी पाइपाचे ड्रिलिंग हवेवर चालते, त्यामुळे त्याला पाणी जवळजवळ लागत नाही, आणि वाळवंटात ही पद्धत रुजण्याचे तेही एक कारण आहे. हिऱ्याच्या बिटाला मात्र थंड ठेवण्यासाठी सतत पाणी द्यावे लागते. ते टँकरने आणतात किंवा तेथेच बोअर घेऊन खारे पाणी वापरतात.

एक मर्यादाही सांगायला हवी. सगळेच साठे मातीत खूण सोडत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील टेल्फर खाणीपासून सुमारे ४५ किलोमीटरवर हॅविरॉन नावाचा साठा आहे. तो ४०० मीटरहून जाड अशा नंतरच्या थरांखाली गाडलेला आहे. एवढ्या आवरणाखालचे काही वरच्या मातीत कळण्याची आशा नसते. तेथे खडकांच्या चुंबकत्वातील फरकावरून जागा ठरवावी लागली आणि २०१८ मध्ये ड्रिलिंगने त्या साठ्याचे महत्त्व सिद्ध केले.

प्रश्न : आमच्या शेतातल्या बोअरच्या चुऱ्यात पिवळे चमकणारे कण आले आहेत. गावात सोने निघाल्याची चर्चा आहे. खानदेशात सोने असू शकते का?
— एक शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : ते कण बहुधा लोहमाक्षिकाचे, म्हणजे पायराइटचे असावेत. घरी पाहण्याचा उपाय सोपा आहे. फरशीच्या टाइलच्या मागच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या बाजूवर कण दाबून ओढावा : पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच राहते. हातोडीखाली पायराइटचा भुगा होतो, सोने चपटे होते.

खानदेशाचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. धुळे-नंदुरबार भागात भिंतीसारख्या लांबच लांब पसरलेल्या टेकड्या आपण रोज पाहता, त्याही भेगांत शिरून थिजलेल्या त्याच शिलारसाच्या आहेत. या खडकात खाणीजोगे सोने आढळलेले नाही. भारतातील सोन्याच्या खाणी त्याहून कितीतरी पुरातन खडकांत आहेत : रायचूर जिल्ह्यातील हट्टी आज चालू आहे आणि तीन किलोमीटरहून खोल गेलेली कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. जळगावचे सोन्यासाठीचे नाव व्यापारातून आणि कारागिरीतून झाले आहे, जमिनीतून नव्हे. आपल्या बोअरला पाणी लागले असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे. चर्चेवर विसंबून जमिनीचा कोणताही व्यवहार करू नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : मी भूशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात येण्यासाठी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करावे आणि संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेची तयारी करावी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची दारे तीतून उघडतात. त्याआधी सातपुड्याच्या पायथ्याशी नकाशा आणि होकायंत्र घेऊन जितके फिरता येईल तितके फिरावे. खडक पाहून त्याचे वर्णन चार ओळींत अचूक लिहिण्याची सवय आत्ताच लावून घेतली तर ती जन्मभर पुरते.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या एका एजंटने परदेशी वाळवंटात सोने शोधणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवण्याचा आग्रह धरला आहे. त्याने दाखवलेल्या पत्रकात ‘एका छिद्रात २५ मीटर लांबीवर टनामागे ६ ग्रॅम सोने’ असे ठळक छापले आहे. सेवानिवृत्तीची रक्कम आहे म्हणून विचारतो. हा आकडा चांगला समजायचा का?
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, आपण पैसे देण्याआधी विचारले याचे मला मनापासून समाधान वाटले.

टनामागे ६ ग्रॅम हे प्रमाण दिसायला उत्तम आहे. जगात उघड्या खाणी टनामागे एखाद्या ग्रॅमवरही चालतात. म्हणजे दहा टनांचा डंपर भरून दगड काढला की त्यातून एक तोळा. पण सरासरीचा आकडा काय झाकून ठेवू शकतो ते हिशेबाने पाहू. समजा, २५ मीटरपैकी एकाच मीटरमध्ये टनामागे १४० ग्रॅम आले आणि उरलेल्या २४ मीटरमध्ये प्रत्येकी अवघे ०.४ ग्रॅम. एकूण बेरीज १४९.६, तिला २५ ने भागले की उत्तर येते जवळपास ६. छापलेले वाक्य खोटे नाही, पण जमिनीत आहे ती एक बारीक शीर आणि भोवती जवळजवळ रिकामा दगड. म्हणून प्रत्येक मीटरचा वेगळा आकडा मागावा. छिद्र शिरेला आडवे छेदून गेले की तिच्या लांबीवरूनच खाली उतरले, हेही विचारावे, कारण दोन मीटर जाडीच्या शिरेतून लांबीच्या दिशेने छिद्र घेतले तर २५ मीटरही दाखवता येतात. आणि एकूण किती छिद्रे घेतली, त्यांपैकी किती रिकामी गेली, हे पत्रकात नसेल तर ते पत्रक बाजूला ठेवावे.

त्याहून मोठा प्रश्न नमुन्यांच्या विश्वासार्हतेचा. चांगल्या कामात दर वीस-पंचवीस नमुन्यांमागे प्रमाण आधीच ठाऊक असलेला एक नमुना, सोने नसलेला एक कोरा नमुना आणि एक दुबार नमुना प्रयोगशाळेला न सांगता पाठवला जातो. कोऱ्या नमुन्यात सोने निघाले की कोठेतरी गडबड आहे हे लगेच समजते. हे सारे का आवश्यक झाले याचे उदाहरण वाळवंटातले नाही, इंडोनेशियाच्या जंगलातले आहे. ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीने तेथील बुसांग येथे जगातील अतिविशाल साठा सापडल्याचा दावा केला आणि तिच्या शेअरचे भाव आभाळाला भिडले. त्या कंपनीत कोअरची अर्धी कांडी राखून ठेवण्याची पद्धतच नव्हती. जवळजवळ सगळा दगड दळून तपासणीला जाई, त्यामुळे फेरतपासणीला काही उरत नसे. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच छिद्रे घेतली तेव्हा सोने निघाले नाही, आणि स्वतंत्र तज्ज्ञांनी नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे दाखवून दिले. मिसळलेले कण नदीतल्या सोन्यासारखे गोलाई आलेले होते. हजारो गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये खनिज प्रकल्पांची माहिती जाहीर करण्याचे कडक नियम लागू केले; ऑस्ट्रेलियात जॉर्क ही संहिता १९८९ पासूनच होती.

तेव्हा त्या एजंटकडे यांपैकी कोणत्या नियमांनुसार तयार केलेला अहवाल आहे आणि त्याखाली कोणत्या पात्र भूवैज्ञानिकाची सही आहे, हे लेखी मागावे. अहवालात साठा ‘अनुमानित’ म्हटला आहे, ‘दर्शित’ की ‘मापित’, हे पाहावे; पहिल्या पायरीवरचा साठा पुरेशी छिद्रे न घेता अंदाजाने बांधलेला असतो. आणि सर्व कागद चोख निघाले तरीही सेवानिवृत्तीची रक्कम शोधाच्या टप्प्यावरील कंपनीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मातीत खूण मिळालेल्या जागांपैकी फारच थोड्या खाणीपर्यंत पोहोचतात, आणि हे प्रामाणिक कंपन्यांनाही चुकलेले नाही.

प्रश्न : वाळवंट ‘निर्जन’ म्हणून लिहिले जाते. आमच्या डोंगरालाही बाहेरचे लोक तसेच म्हणतात. तेथे कोणी राहत नाही का? आणि काही सापडले नाही तर त्या छिद्रांचे काय होते?
— एक कार्यकर्ता, अक्कलकुवा

उत्तर : ‘निर्जन’ हा शब्द मागील अंकात या सदरातही आला होता आणि आपला आक्षेप योग्य आहे. ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंट हा स्पिनिफेक्स या मूळनिवासी लोकांचा प्रदेश आहे. त्यांच्या भूमीचा एक मोठा भाग न्यायालयाने २००० मध्ये त्यांच्या हक्काचा म्हणून मान्य केला. तो हक्क मूळनिवासींच्या भूमीहक्काविषयीच्या ऑस्ट्रेलियाच्या १९९३ च्या कायद्यावर उभा आहे. सातपुड्यातील वाचकांना २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे हा विषय नवा नाही. पाणवठे, पूर्वजांची स्थाने आणि विधींच्या जागा कोठे आहेत हे तेथील जाणत्यांनाच माहीत असते, म्हणून ड्रिलिंगचे यंत्र नेण्याआधी त्यांच्यासह जमिनीची पाहणी करायची असते. एखादी रेषा वळवावी लागते, एखादे छिद्र सोडून द्यावे लागते. नुसती कायद्याची परवानगी पुरेशी नसते, हे पिलबारा भागात २०२० मध्ये दिसले. तेथे लोखंडाच्या खाणीसाठी जुकन घळीतील, सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेले शैलाश्रय सुरुंगाने उडवले गेले. कागदावर परवानगी होती. संतापाची लाट उसळल्यावर त्या कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले, पण ते शैलाश्रय परत येणार नाहीत.

छिद्रांविषयी : काम होताच तोंडाला तात्पुरते झाकण लावायचे आणि निकाल आल्यावर छिद्र जमिनीच्या पातळीखाली पक्के बुजवायचे, असा तेथे नियम आहे. पिशव्या उचलायच्या, चुरा छिद्रात परत टाकायचा, यंत्राच्या चाकांनी घट्ट झालेली जमीन उकरून मोकळी करायची. उघड्या छिद्रात सरडे आणि लहान सस्तन प्राणी पडून मरतात, हे त्या नियमाचे मोठे कारण आहे. आपल्याकडे उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बंद बोअर माती, वाळू, दगडाने तळापासून वरपर्यंत भरून काढण्याचे निर्देश दिले आहेत. आपल्या परिसरात असे उघडे बोअर असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी.